नाना भिंगारदिवे आणि जिल्ह्यातले सर्वांत सपाट टेबल

नाना भिंगारदिवे कोणाच्याही घरी गेले की प्रथम खिशातून एक पांढरा बॉल काढतात आणि तो यजमानांच्या फरशीवर ठेवतात. बॉल ज्या दिशेने घरंगळेल त्या दिशेकडे ते काही काळ दुःखाने पाहतात. मग यजमानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "उतार हाय. पर काळजी करू नका, राहता येतं."

हा प्रयोग त्यांनी मंगल कार्यालयांत केला आहे, दवाखान्यांत केला आहे आणि एका पुतणीच्या लग्नात तर भर मंगलाष्टकांत केला आहे. तेथे बॉल नवरदेवाच्या मोजडीखाली गेला आणि व्याही मंडळी बराच वेळ गंभीर राहिली. माझा व्यवसाय अर्जनवीसाचा. कचेरीबाहेर लिंबाखाली माझे टेबल आहे, आणि पहिल्या भेटीतच नानांनी त्यावर बॉल ठेवला. "तुमचं टेबल रस्त्याकडं झुकलंय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "मंग अर्ज साहेबाकडं कसे जातील?" मी त्याच दिवशी बाद झालेल्या स्टॅम्पपेपरची घडी करून टेबलाच्या पायाखाली सारली. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे असले तरी योग्य सूचनेचा स्वीकार करण्याइतके ते पुरेसे आहे.

नगरला लागून असलेल्या भिंगार कॅन्टोन्मेंटमध्ये नानांचा पूल हॉल आहे. पूल हा शब्द वाचून वाचकांनी नदी अथवा पोहण्याचा तलाव मनात आणू नये. हिरव्या कापडाच्या टेबलावर लांब काठीने, म्हणजे क्यूने, रंगीत बॉल कोपऱ्यांतल्या आणि कडेच्या पिशव्यांत घालण्याचा हा खेळ आहे. असे हॉल आता नगर शहरातही झाले आहेत. त्यांत निळे-जांभळे दिवे असतात, छातीत धडधडेल असे संगीत असते आणि टेबलाच्या काठावर बर्गरचे कागद असतात. मी अभिमानाने आणि पूर्ण जबाबदारीने असे नमूद करतो की, यांपैकी एकही हॉल नानांच्या हॉलच्या पासंगाला पुरणारा नाही.

नाना पूर्वी लष्कराच्या एका डेपोत सिव्हिलियन स्टोअरमन होते. एकदा अधिकाऱ्यांच्या मेसमधील जुने बिलियर्ड टेबल हलवायचे होते म्हणून त्यांना पाणसळ घेऊन बोलावण्यात आले. गवंडी भिंतीची पातळी पाहतात ती ही पाणसळ. टेबलाच्या कापडाखाली लाकूड नसून घोटलेल्या दगडाच्या जाड लाद्या असतात, हे नानांना त्या दिवशी कळले. परंतु त्यांच्या मनावर परिणाम झाला तो निराळ्याच गोष्टीचा. बाहेर गर्जना करणारे अधिकारी त्या खोलीत आले की हळू बोलत. नाना आजही सांगतात, "कुनी पाटी लावली न्हवती. मानूस आत आला की आवाज आपोआप खाली. तवाच ठरवलं, अशी एक जागा आपल्या लोकांसाठी काढायची."

निवृत्तीनंतर त्यांनी ती काढली. शेटे आप्पांच्या इमारतीचा तळमजला हॉलसाठी घेतला आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केले.

चांगला हॉल म्हणजे काय, याविषयी नानांचे मत ठाम आहे आणि ते ऐकून घेतल्याशिवाय नव्या गिऱ्हाइकाला क्यू मिळत नाही. पहिली गोष्ट दगड. "दगड सपाट तर मन सपाट." दुसरी गोष्ट मोकळीक. कोणत्याही कोपऱ्यातून मारताना क्यूचे मागचे टोक भिंतीला लागता कामा नये. लागले तर तो हॉल नव्हे, "कोंबड्याचं खुराडं." तिसरी गोष्ट दिवा. तो टेबलावर असा टांगलेला असावा की बॉलची सावली पडू नये आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये. कापडावरून ब्रश फिरवायचा तो एकाच दिशेने. नाना तो इतक्या मायेने फिरवतात की पाहणाऱ्याला टेबल आता डोळे मिटेल असे वाटते.

भांडण झाले तर नाना निवाडा देत नाहीत. "बॉलला हात लागला का न्हाई, मला कशाला इचारता? टेबलाला इचारा," असे म्हणून ते निघून जातात. मुले टेबलाकडे पाहत उभी राहतात आणि काही वेळाने त्यांच्यापैकी एक जण मान खाली घालून क्यू दुसऱ्याच्या हाती देतो. कचेरीच्या आवारात माझी हयात गेली, परंतु इतका जलद न्याय मी अन्यत्र पाहिलेला नाही.

अशा या हॉलवर गेल्या हिवाळ्यात संकट आले. गल्लीतील काही प्रतिष्ठितांनी असे ठरवले की हा अड्डा आहे आणि येथे मुले बिघडतात. त्यांच्या पुढारी होत्या निवृत्त मुख्याध्यापिका गायकवाड बाई, ज्यांच्यासमोर आजही अर्धे भिंगार हात मागे बांधून उभे राहते. हॉलचा करार संपत आला होता. शेटे आप्पा मनुष्य भला, परंतु गल्लीच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हे. त्यांनी नानांना सांगितले, "रविवारी बाईंना घेऊन येतो. त्यांनी हो म्हटलं तर करार, न्हाई म्हटलं तर जागा मोकळी करा. माझा इलाज न्हाई."

नानांनी बाजू मांडण्यासाठी मला बोलावले, यात नवल नाही. मी "उपस्थित मान्यवर" येथपासून सुरुवात करून एक भाषण तयार केले आणि नानांना काही व्यावहारिक सल्लेही दिले. भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी वाढवाव्यात. ज्या दोन मुलांनी केस सोनेरी केले आहेत त्यांना रविवारपुरते येऊ देऊ नये.

"केसाला रंग लावला म्हनून बॉल वाकडा जातो का?" नाना म्हणाले.

"प्रश्न बॉलचा नाही, नाना. देखाव्याचा आहे."

"मंग देखावा गनपतीत करू."

रविवारी सकाळी मंडळी आली. गायकवाड बाईंनी आत येताच पर्स पहिल्या टेबलावर ठेवली. मी डोळे मिटून घेतले.

"बाई, पर्स उचला," नाना म्हणाले. "चेन लागंल कापडाला."

शेटे आप्पांचा चेहरा उतरला. बाईंनी पर्स उचलली आणि नानांकडे असे पाहिले की मला माझी शाळा आठवली. प्रसंग ओळखून मी उभा राहिलो आणि "उपस्थित मान्यवर" इतके म्हणालो.

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या.

मी बसलो.

पलीकडच्या टेबलावर तीच सोनेरी केसांची जोडी खेळत होती. बाई त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. एकाने नेम धरला, मारले, बॉल पिशवीत गेला. मी मनातल्या मनात शाबासकी देतो तोच त्याने क्यू खाली घेतला आणि दुसऱ्याला म्हणाला, "शर्टाची बाही बॉलला घासली रे. तुझी पाळी."

"मला नाही दिसलं," बाई म्हणाल्या.

"मला कळलं की," तो म्हणाला.

 बाईंनी चारही टेबलांना एक फेरी घातली. दिव्यांकडे पाहिले, भिंतीला लागून ठेवलेल्या बाकांवरून बोट फिरवून धूळ पाहिली, धूळ नव्हती. मला वाटले, खटला आपण जिंकला. तेवढ्यात त्या वळल्या.

"नाना, एकच विचारते. तुमच्या घरच्या बाईमाणसानं इथं कधी पाय ठेवलाय?"

येथे वाचकांना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नानांच्या पत्नी, शकुंतला वहिनी, वरच्या मजल्यावर शिवणकाम करतात. निम्म्या कॅन्टोन्मेंटची पोलकी त्यांच्या हातची आहेत. हॉल निघाला तेव्हा त्यांच्या भावाने चार पाहुण्यांत म्हटले होते की, दाजी पोरे बिघडवण्याचा कारखाना काढत आहेत. त्यावर वहिनी भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्या बाजारात जाताना मागच्या जिन्याने जात. घरातून हॉलमध्ये उतरणारा आतला जिना नाना रोज पुसत असत. त्यावर त्यांच्याखेरीज दुसरे पाऊल पडत नसे.

मी नानांना डोळ्यांनी खुणावले. उत्तर सोपे होते. येतात कधीकधी, असे म्हणायचे. तपासायला कोण जाणार होते?

"न्हाई," नाना म्हणाले. "एकदाबी न्हाई."

"मग आमच्या घरच्यांना आम्ही का पाठवावं?"

 प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या नानांनी कोपऱ्यातला ब्रश उचलला आणि ते आधीच स्वच्छ असलेले टेबल पुन्हा झाडू लागले. शेटे आप्पा घड्याळ पाहू लागले. मी भाषणाचा कागद खिशात ठेवला.

आणि आतल्या जिन्यावर पावले वाजली.

शकुंतला वहिनी चहाचा ट्रे घेऊन खाली आल्या. खांद्यावर मोजपट्टी तशीच होती. शेवटच्या पायरीवर त्या किंचित थांबल्या, मग पाऊल टाकले. "बाई, चहा घ्या," त्या म्हणाल्या. "आप्पा, तुमीबी. खाली मानसं बसलीत आन चहा न्हाई, लोक काय म्हनतील."

कप वाटताना त्या इकडेतिकडे पाहत होत्या; चोरून, पण सगळे. दुसऱ्या टेबलापाशी त्यांचे पाय थांबले. गेल्या महिन्यात एका नवशिक्याच्या क्यूचे टोक तेथे कापडात घुसले होते आणि नानांनी ती फाट स्वतःच्या हाताने बुजवली होती. वहिनींनी त्यावरून अंगठा फिरवला.

"हे कुनी शिवलं?"

"मी," नाना म्हणाले.

"शिवलंय का बांधलंय?"

शेटे आप्पांना चहाचा ठसका लागला.

"लोकरीचं कापड हाय," वहिनी म्हणाल्या. "असं सुताच्या दोऱ्यानं करतेत का? वर आनायचं की माझ्याकडं."

"टेबल वर येत न्हाई, शकू."

"मंग मला सांगायचं."

नानांनी ब्रश खाली ठेवला. "सांगितलं असतं तर आली असतीस?"

वहिनी त्या गाठींकडेच पाहत होत्या. गायकवाड बाईंनी कप बाकावर ठेवला, तोही टेबलापासून लांब, आणि पर्स काखेत घेतली. "आप्पा, करार करून टाका," त्या म्हणाल्या. "मी जे विचारलं होतं, ते आता विचारायला जागा राहिली नाही." जाताना त्या सोनेरी केसांच्या मुलापाशी थांबल्या. "बाही दुमडून खेळावं," एवढेच म्हणाल्या.

वस्तुतः हा माझ्या पक्षकाराचा विजय होता. मी त्यांचे अभिनंदन करण्यासाठी पुढे झालो. परंतु नानांचे लक्ष आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

वहिनींनी कापड चिमटीत धरून पाहिले. "खालून हात जात न्हाई व्हय?"

"दगड हाय खाली."

"मंग वाकडी सुई लागंल. हाय माझ्याकडं, गादीवाल्याची. आनते."

त्या आतल्या जिन्याने वर गेल्या. हॉलमध्ये कोणी खेळत नव्हते. वर ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला, मग दुसरा उघडल्याचा. नाना जिन्याच्या कठड्याला हात लावून वर पाहत उभे होते. नाडीपरीक्षा चालू असताना वैद्यासमोर मनुष्य बसतो, तसे.

पावले परत वाजू लागली. तेव्हा ते लगबगीने दुसऱ्या टेबलाकडे आले आणि दिव्याची दोरी सोडून त्यांनी दिवा हातभर खाली घेतला.