सदाभाऊंचा काटा

सदाभाऊंच्या गॅरेजात माणसाला आधी नाव विचारत नाहीत, वजन विचारतात. विचारतात असंही म्हणता येणार नाही, कारण तोंडी उत्तर तिथे चालत नाही. दारातच एक लोखंडी काटा ठेवलेला आहे, बदलापूरच्या बंद पडलेल्या भातगिरणीतून आणलेला, पोती जोखायचा. त्यावर निमूट उभं राहायचं. सदाभाऊ दांडीवरचं सरकतं वजन बोटाने पुढे ढकलत नेतात, दांडी हवेत तरंगली की मान डोलावतात आणि खडूने भिंतीवर तुमचं नाव नि आकडा लिहितात. त्यानंतर "या, बसा."

उल्हासनगरच्या अर्ध्या कॅम्प पाचची वजनं त्या भिंतीवर आहेत. दुर्दैवाने माझंही आहे.

मी उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत शिकवते आणि चिखलोलीला राहते. पन्नाशीला आलं की पुरुषांना काहीतरी होतं. कुणी पेटी शिकायला लागतं, कुणी पहाटे उठून गार पाण्याने आंघोळ करतं. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, एक जुना पिकअप ट्रक विकत घेतला. तो म्हणे डोंगरात चालवायचा. डोंगरात चालवायचा तर इंजिन ताकदीचं हवं, दुसरं इंजिन बसवायचं तर त्याच्या माउंटिंग, म्हणजे ते धरणाऱ्या बैठका, नव्याने बनवायला हव्यात, आणि मग चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे, शॉकअप, सगळंच आलं. हे सगळं हाताने करणारा एकच माणूस या बाजूला आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं. म्हणून एका रविवारी आम्ही कॅम्प पाचला गेलो.

सुधीर काट्यावर चढला, उतरला. "एक्याऐंशी," सदाभाऊंनी लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मी गाडी चालवणार नाही," मी म्हटलं.

"बाजूला तर बसनार?"

"कधीतरी."

"मग तुमच्या बाजूचा पाटा अंदाजाने बसेल, बाई. आनि अंदाजाने बसवलेला पाटा जन्मभर कुरकुरतो."

माझं वजन मी लग्नानंतर नवऱ्यालाही कळू दिलेलं नव्हतं. पण गॅरेजातली तीन माणसं काम थांबवून माझ्याकडे पाहत होती, आणि नाही म्हणत राहण्यातही शोभा नव्हती. मी पर्स सुधीरकडे दिली. "पर्स हातातच राहू दे," सदाभाऊ म्हणाले, "रोज बरोबर असते ना? मग ते तुमचंच वजन." एवढं बोलून त्यांनी भिंतीवर लिहिलं: बाई, ६२. मी शाळेतल्या सवयीने पदराने ते पुसलं. त्यांनी शांतपणे पुन्हा लिहिलं. "काटा तोंडावर बोलतो, बाई. त्याचा राग धरू नये."

तेव्हा हा माणूस मला जरासा चक्रमच वाटला होता. पुढे तीन-चार महिने सुधीरच्या ट्रकचं काम चाललं आणि शाळा सुटल्यावर मीही तिथे डोकवायला लागले, तेव्हा चक्रमपणाचा पुरा आवाका ध्यानात आला. सदाभाऊ पोलादाला हात लावण्याआधी प्रत्येक माउंटिंग पुठ्ठ्याची करून बघतात. पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचाच लागतो. दुसरा कुठलाही पुठ्ठा त्यांना "नीट वळत नाय". समोरचे चेतनशेठ, स्पेअर पार्टचे सिंधी दुकानदार, त्यांना घरातली सगळी खोकी आणून देतात. मग इंजिन साखळीने टांगून ठेवायचं, खाली पाठीवर झोपून काजूकतलीच्या वासाचा पुठ्ठा कातरायचा, लावायचा, काढायचा, पुन्हा कातरायचा. त्यावरून पत्रा कापला, वेल्डिंगचे टाके मारले, की शेवटी मध्ये रबरी बुश. ते घट्ट बसवावं असं सुधीर एकदा म्हणाला. सदाभाऊ गाडीखालून बाहेर आले.

"साहेब, इंजिन जिवंत असतं. ते थरथरनारच. त्याला धरायचं, आवळायचं नाय. आवळलं तर चासी फुटते."

सुधीरने घरी येऊन हे वाक्य मला दोनदा ऐकवलं. मी म्हटलं, मला कशाला ऐकवतोस.

गाडी नुसती उंच करून मागणाऱ्या पोरांचा सदाभाऊंना मनस्वी तिटकारा. असाच एक अंबरनाथचा तरुण आला होता, इंस्टाग्रामवरचे फोटो घेऊन. सदाभाऊंनी फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "घरात कोन कोन?" तो म्हणाला, आई. "मग आईला घेऊन ये." खरोखरच आईला आणायला लावलं. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले. तिला काट्यावर उभं केलं, मग एका टेबलाशी पाय जमेल तेवढा वर उचलायला सांगितला. पाय किती वर येतो ते खडूने टेबलाच्या पायावर आखलं आणि मुलाला म्हणाले, "एवढी उंची. यावर एक बोट नाय." तो रागावून निघून गेला. आठवड्याने परत आला आणि तेवढ्याच उंचीची गाडी घेऊन गेला.

एवढ्या कामात सदाभाऊंची स्वतःची गाडी मात्र पूर्ण होत नव्हती. कोपऱ्यात ताडपत्रीखाली ती उभी असे. चेतनशेठ येता-जाता म्हणत, "साईं, ये गाडी रोडवर कमी, विटांवर जास्त चालली." सदाभाऊ नुसते हसत.

संध्याकाळी पाचला वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली येई. तिच्यात चहाचा थर्मास. दोरीच्या वरच्या टोकाला सुलभावहिनी, सदाभाऊंच्या पत्नी. दीड वर्षापूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, जिना त्यांना बंद होता. सदाभाऊच रोज दिवेलागणीला त्यांना उचलून खाली अंगणात आणत आणि तासाभराने पुन्हा वर नेत. मी चहाचा थर्मास परत द्यायच्या निमित्ताने वर जायला लागले. वहिनी बोलक्या. त्यांच्या बोलण्यात सगळं शेवटी अक्कावर येई.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. बारवी धरणाच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावर एकटीच राहते. आई लवकर गेली, अक्कानेच यांना वाढवलं. "ती खाली येत नाय," वहिनी म्हणाल्या. "गाडीत बसली का तिला वांती होते. आनि मला वर जाता येत नाय. शेवटचे तीन किलोमीटर निस्ते धोंडे हायेत, बाई. ऑपरेशननंतर एकदा जीप करून निघालो. पहिल्याच चढाला मी असी वरडले का यांनी जीप फिरवली. अक्का वरती उभी होती. दिसत होती मला, हात हलवीत होती. तिला वाटलं आमी येतोय."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली ती. आमी दोघी परत भेटनार का नाय, काय सांगावं."

जीप फिरवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सदाभाऊंनी जुना ट्रक आणून विटांवर चढवला होता. हे मला चेतनशेठनी सांगितलं.

दिवाळीनंतर एकदा मी गॅरेजात शिरले तर ताडपत्री निघालेली. ट्रक चाकांवर उभा. पाटे पातळ करून बसवलेले, आणि बाजूची सीट चासीवर सरळ न बसवता चार छोट्या स्प्रिंगांवर वेगळी टांगलेली.

"बाई, बसा," सदाभाऊ म्हणाले. "ट्रायल घ्यायचीय. खडूने लिवलेलं बासष्टचं एकच मानूस हाय, तुमी."

तेव्हा मी प्रथमच त्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं. काटा आणला त्या दिवशी पहिलं वजन कुणाचं केलं होतं ते तिथे पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं: सुलभा, ६२. माझ्या बासष्ट किलोंचा मला जन्मात प्रथमच थोडा अभिमान वाटला.

आम्ही बारवीच्या बाजूला गेलो, त्या धोंड्यांच्या चढावर निम्म्यापर्यंत. सदाभाऊ हातभर मोठ्या दगडांवरून गाडी नेत होते आणि मी झोपाळ्यावर बसावं तशी बसले होते. अतिशयोक्ती करायची माझी सवय आहे, पण ही अतिशयोक्ती नाही. उतरल्यावर मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी येताना वाटेत थांबून वहिनींसाठी पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी वहिनींना सीटवर बसवलं. पाइपसाठी खणलेल्या गॅरेजसमोरच्या गल्लीत खड्ड्यांची काही वाण नव्हती. गाडी दोनच खड्डे ओलांडून गेली असेल. मी बाजूने चालत होते. वहिनी ओरडल्या नाहीत, पण दोन्ही हातांनी सीट धरली होती आणि ओठ पांढरे पडले होते.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. सदाभाऊंनी गाडी बंद केली.

पुढचा आठवडाभर ते त्या सीटखाली होते. स्प्रिंगा काढल्या, पुन्हा बसवल्या, वेल्डिंग तासून पाहिलं, बुश बदलले. मला बसवून बघत तेव्हा सीट लोण्यासारखी, वहिनी बसल्या की दगड. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो आधी का पडला नाही याची मला लाज वाटली. मी रोज त्या बाईसमोर बसून चहा पीत होते. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, ब्लाउजला दोन्हीकडून टीप मारलेली होती. बासष्ट किलोंसाठी बनवलेल्या स्प्रिंगा त्यांच्या वजनाने दबतच नव्हत्या.

"सदाभाऊ," मी म्हटलं, "वहिनींना काट्यावर उभं करा."

"तिचं वजन मला म्हायत हाय."

"ते वजन काटा आणला तेव्हाचं आहे."

त्यांनी ग्राइंडर सुरू केला. तासण्यासारखं समोर काही नव्हतं, तरी सुरू ठेवला. मी चिडून समोर चेतनशेठच्या दुकानात जाऊन बसले. म्हटलं, सगळ्या गावाला काट्यावर चढवणारा माणूस, आणि घरच्या माणसाचं एवढं कळत नाही?

"मॅडम, उसको मालूम नाय?" चेतनशेठ म्हणाले. "रोज हातावर उठाके आणतो तिला खाली. काट्यापेक्षा त्याला जास्त मालूम हाय. फक्त वाचायचं नाय त्याला."

विद्यार्थ्यांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलं की माणसाला समोरच्याची भीती चूकच वाटायला लागते.

ग्राइंडरचा आवाज अचानक थांबला. आम्ही वळून पाहिलं. वहिनी जिना उतरत होत्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. सदाभाऊ धावले तर त्यांनी हाताने थांबवलं. खाली आल्या, गॅरेजच्या दाराशी गेल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.

आदल्या दिवशी सदाभाऊंनी मला पुन्हा जोखलं होतं, सरकतं वजन अजून त्या बासष्टवरच होतं. दांडी खालीच पडलेली. सदाभाऊंनी बोट लावलं आणि ते मागे ओढायला लागले. साठ. पंचावन्न. दांडी हलली नाही. पन्नासवर ते थांबले. खालच्या आवाजात म्हणाले, "बस झालं, सुलभा."

"अजून मागं घ्या. मला अक्काकडे जायचंय."

चव्वेचाळीसवर दांडी तरंगली. मग वहिनींनीच कट्ट्यावरचा खडू उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पिवळ्या अक्षरांखाली चव्वेचाळीस लिहिलं. आकडा वाकडा आला. वहिनींना उचलून वर नेताना त्यांची पाठ आमच्याकडे होती, आणि ते बरंच झालं, कारण माझा चेहराही दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

पंधरा दिवसांत चव्वेचाळीससाठी मऊ स्प्रिंगा बसल्या, नट आवळून वजनाप्रमाणे कडक करता येतील अशा, आणि आम्ही गेलो. पुढे सदाभाऊ आणि वहिनी, मागे आमचा ट्रक, त्यात मी आणि सुधीर. धोंड्यांचा चढ सुरू झाला तशी मी पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून फक्त वहिनींचं डोकं बघत होते. ते हळूहळू वरखाली होत होतं, पाळण्यातल्या पोरासारखं. गाडी कुठे थांबली नाही. वर अक्का उभी होती. ती धावू शकत नव्हती, तरी तिने तसा प्रयत्न केला. बहिणीला तिने दोन्ही हातांनी चाचपलं, खांदे, दंड, मनगटं. म्हणाली, "केवरी वालली गो बाय माझी." मग दोघी ओट्यावर बसल्या आणि आम्ही कुणीच तिथे नसल्यासारख्या बोलायला लागल्या.

सदाभाऊ सीटजवळ उकिडवे बसून पाना फिरवत होते. फिरवण्यासारखं काही नसावं. मी जवळ गेले. स्प्रिंगांमधून आलेले चारही बोल्ट नटाच्या वर चांगले वीतभर मोकळे राहिले होते, नवेकोरे आटे चमकत होते. एरवी बोटभर लोखंड वाया गेलं तरी हा माणूस हळहळतो.

"एवढे लांब बोल्ट कशाला?" मी विचारलं.

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. अक्का वहिनींच्या ताटात दुसरी भाकरी वाढत होती आणि वहिनी नको म्हणत नव्हत्या.

"बासष्टपर्यंत जागा ठेवलीय," ते म्हणाले, आणि फडक्याने आटे पुसायला लागले.