पेटीतलं पहिलं कार्ड

ओसाकाच्या एका मालवाहतूक कंपनीत बारा वर्षं चारशे ट्रकांचं वेळापत्रक सांभाळलेल्या चिझुरूला आईच्या डोंगरगावातला दवाखाना म्हणजे किस झाड की पत्ती! "तू फक्त नऊला तयार राहा," तिने आईला बजावलं, "पहिला नंबर आपला."

गावचं इस्पितळ खालच्या शहरातल्या इस्पितळात विलीन झालं, तेव्हापासून डॉक्टर फक्त मंगळवारी येत आणि तीसच पेशंट तपासत. दवाखान्याच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. पहाटे तिच्यात आपलं कार्ड टाकायचं, घरी जाऊन न्याहारी करायची आणि नऊला परत यायचं. ज्या क्रमाने कार्ड पडलं, त्या क्रमाने हाक. मागच्या मंगळवारी आईचं कार्ड एकतिसावं पडलं होतं. तिचे पाय सुजले होते, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागत होती आणि गोळ्या गुरुवारी संपणार होत्या.

बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. दुःखाचं काय करायचं ते चिझुरूला कळत नव्हतं. रांगेचं काय करायचं ते मात्र कळत होतं. पहाटे पाचला तिने आईची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता देव्हाऱ्याखालच्या खणातून कार्ड काढलं, रिकाम्या पेटीत टाकलं आणि लढाई जिंकल्यासारखी घरी येऊन मिसो सूप प्यायली.

नऊ वाजता बाकं गच्च भरली होती. नुकतीच फुकुओकाहून आलेली नर्स पेटी घेऊन उभी राहिली.

"इवाकिरी कानइची."

हाक चिझुरूच्या बाबांना होती.

ते गेल्याचं नर्स आणि डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांची बायको समोर बसलेली असताना ते तोंडावर बोलून कोण दाखवणार? सगळ्यांनी एकदम आपापल्या चपला न्याहाळायला घेतल्या. नर्सने दुसरी हाक दिली, मग तिसरी. शेवटी वरच्या वाडीच्या हात्सुए आजींनी, आज काही त्यांचं येणं होईलसं दिसत नाही, असं मोघम सांगितलं. नर्सला वाटलं, म्हातारबाबांचं जास्तच झालंय. तिने फाइल उघडली: वय ब्याऐंशी, हृदयविकार, कित्येक आठवडे फिरकलेले नाहीत. ती आत पळाली.

दोन मिनिटांत डॉक्टर बॅग घेऊन बाहेर. पेशंटला येववत नसेल तर आपणच घरी जाऊन पाहून येतो, बाकीच्यांनी तासभर थांबावं, असं म्हणत ते बूट घालू लागले. बाकांवर चुळबूळ झाली, तरीही कोणी अवाक्षर काढलं नाही. सभ्यपणाची हद्द झाली!

डॉक्टरांचा दुसरा बूट चढायच्या आत चिझुरू उठली. "ते माझे बाबा. गेल्या महिन्यात गेले. मी अंधारात आईचं समजून त्यांचं कार्ड टाकलं."

नर्स कमरेत वाकली. चिझुरू तिच्याहून खाली वाकली. डॉक्टर एका बुटावर वाकताना भिंतीला धरून राहिले. हे सगळं आटोपल्यावर खरा घोळ पुढे आला. पेटीत तीस कार्डं होती आणि आईचं त्यांत नव्हतंच. नर्सचा चेहरा पडला, पण नियम तो नियम. पुढचा मंगळवार.

"पहिला नंबर कानइचींचा ना?" हात्सुए आजी म्हणाल्या. "मग तो त्यांच्या बायकोला, शिनोला द्या. ते नेहमी देऊनच टाकायचे."

त्यांनी सांगितलं ते चिझुरूला नवीनच होतं. वरच्या वाडीची पहिली बस साडेआठला यायची, तोवर पेटी भरलेली असायची. बाबांचं घर हाकेच्या अंतरावर. दर मंगळवारी ते पाचला कार्ड टाकायचे आणि बसमधून जो सगळ्यात वाईट अवस्थेत उतरेल त्याला नंबर देऊन घरी जायचे.

"हे नियमात नाही," नर्स म्हणाली.

"नाहीच. म्हणून तर गुपचूप करायचे."

"आणि तुमचं, आजी? तुमचंही कार्ड पेटीत नाही."

"माझा गुडघा अकरा वर्षं दुखतोय. आणखी एक आठवडा दुखेल."

डॉक्टरांनी बूट काढला आणि आईला आत बोलावलं.

आई औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर आली, तेव्हा चिझुरू अजून शरमेने लाल होती. "पहिल्याच हाकेला तू का नाही बोललीस?"

आईने चिठ्ठी नीट घडी करून पिशवीत ठेवली. "इतक्या दिवसांनी कोणीतरी त्यांना नावाने बोलावत होतं. म्हटलं, बोलावू देत."

चिझुरूने हात्सुए आजींना वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. मग ती नोंदणीच्या खिडकीपाशी गेली. शरद ऋतूपर्यंत आपण इथेच राहणार आहोत, म्हणून नवीन कार्ड हवं, असं तिने नर्सला सांगितलं. नर्सने कोरा फॉर्म घेतला आणि पेन उचललं.

"तक्रार काय आहे?"

चारशे ट्रकांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या बाईने बाकावरच्या हात्सुए आजींकडे पाहिलं.

"मंगळवारी पहाटे पाचला जाग येते," ती म्हणाली. "घराण्यातच आहे."