तिसऱ्या अंकातली शिंक

तिसऱ्या अंकात नायकाचे वडील वारले, नायक त्यांच्या शेजारच्या गवतावर कोसळला, आणि विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरच्या नाकात हुळहुळायला लागलं. नाटक शोकान्त होतं आणि गवत खरं होतं. कंपनीचे मालक दिग्दर्शनही स्वतःच करत, आणि खोट्या गवतावर खरं रडू येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाला माळावरचं ऐन फुलोऱ्यातलं गवत ताजं कापून येई.

नायकाचा आवाज भरदार होता, डोळ्यांत पाणी हुकमी येई, पण पाठांतराच्या नावानं बोंब. विंगेतून जे कानात पडेल ते तोंडातून बाहेर. मध्ये डोकं लागतच नसे.

"बाबा, तुमच्यामागे आता माझं..." प्रॉम्प्टर कुजबुजला आणि त्याला शिंक आली.

"बाबा, तुमच्यामागे आता माझं... आऽऽक्छी!" नायकानं आभाळाकडे हात पसरून टाहो फोडला.

प्रेक्षागृहात खसखस पिकली. प्रॉम्प्टर घाबरला, आणि घाबरल्यामुळे लागोपाठ शिंकत सुटला. नायकानं एकही शिंक गाळली नाही. कुठली हुंदक्यासारखी दिली, कुठली संतापानं. शेवटच्या शिंकेला वडिलांचं प्रेत गदगदा हललं.

पडदा पडल्यावर मालक तरातरा विंगेत आले. "पुन्हा असं झालं तर तुम्ही घरी!"

उभ्या जन्मात प्रॉम्प्टर रंगमंचावर गेला नव्हता, पण लोक ज्या ज्या वाक्याला रडले ते प्रत्येक वाक्य आधी त्याच्या ओठांवरून गेलं होतं. या अंधाऱ्या खुर्चीवर त्याचा फार जीव होता.

पुढच्या प्रयोगाआधी बायकोनं कपाटातून सर्दीची जुनी गोळी शोधून दिली. गोळी गुणाची निघाली. शिंक आली नाही, झोप आली. तिसऱ्या अंकात प्रॉम्प्टरची मान छातीवर पडली आणि तो झोपेतच पुटपुटला, "अगं, गॅस बंद केलास का?"

"अगं, गॅस बंद केलास का?" नायकानं मृत पित्याला गदगदून विचारलं.

या वेळी मालक विंगेत यायच्या आत प्रॉम्प्टर मागच्या दारानं सटकला. पुढचा प्रयोग तीन आठवड्यांनी होता.

घरी धाकटा मेव्हणा येऊन बसला होता. "भावोजी, कशाला डोकं पिकवताय? माझ्यासारखं इंजेक्शन ठोकून घ्या. एकदा टोचलं की मोसमभर नाक गप्प. मी दर वर्षी घेतो. तब्येत बघा माझी!"

तब्येत खरंच भरली होती. चेहरा चांगला वाटोळा झाला होता.

"त्या डॉक्टरीणबाईंनी मागं नाकात मारायचा स्प्रे दिला होता, त्याचं काय झालं?" बायकोनं विचारलं.

"त्यात स्टेरॉइड असतं! मी टाकून दिला तो," प्रॉम्प्टर म्हणाला. "आपल्याला इंजेक्शनच बरं."

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंसमोर बाही वर करूनच बसला. "मेव्हण्याला देतात ते इंजेक्शन द्या. स्टेरॉइड मात्र नको हं, मला त्याची भीती वाटते."

"अहो, ते इंजेक्शन स्टेरॉइडचंच असतं."

प्रॉम्प्टरनं बाही खाली केली. "मग स्प्रेमध्ये काय असतं?"

"स्टेरॉइड."

"म्हणजे दोन्ही सारखंच?"

"अजिबात नाही. स्प्रेचं औषध थोडंसं असतं आणि बहुतेक नाकातच राहतं. इंजेक्शनचं अंगभर फिरतं, आणि ते कित्येक आठवडे. त्रास झाला तर परत काढून घेता येत नाही. तुम्हाला शुगर आहे ना?"

"किंचित."

"ती किंचित राहणार नाही. वारंवार घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, रोगाशी झुंजायची ताकद कमी होते, चेहराही सुजतो."

"चेहरा?" प्रॉम्प्टर विचारात पडला. "आम्हाला वाटलं, त्यानं बाळसं धरलंय."

"त्यांना आजच घेऊन या. आणि स्प्रे तुम्ही कसा मारत होता ते दाखवा."

प्रॉम्प्टरनं मान मागं टाकली आणि नाकपुड्या फाकवून घर्रकन श्वास ओढला.

"म्हणजे औषध घशात आणि नाक कोरडं! मान जराशी खाली. नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला. श्वास हलकेच. आणि रोज मारायचा, शिंक येवो न येवो. गुण यायला थोडे दिवस लागतात. सोबत झोप न आणणारी गोळी देते. पुढच्या वर्षी मोसमाआधीच सुरू करू. तरी भागलं नाही, तर शरीराला हळूहळू गवताच्या परागांची सवय लावायचे उपचारही असतात."

डोक्यात सगळा गुंता झाला होता, तरी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते प्रॉम्प्टरनं मुकाट्यानं केलं. प्रयोगाच्या दिवशी तो गवताला नाक लावून आला. काही नाही! त्याला रडूच यायचं बाकी होतं.

पण थिएटर तुडुंब भरलेलं पाहून तो चक्रावला. तिसऱ्या अंकात वडील वारले तसे लोक खुर्चीच्या कडेला सरकले. नायकानं सगळी वाक्यं चोख म्हटली. थिएटरात चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "शिंक कुठाय?"

समोरच्या विंगेतून मालक नाकाकडे बोट दाखवत कळवळून खुणा करत होते. प्रॉम्प्टरनं नाक चोळलं, दिव्याकडे पाहिलं, पण नाक ढिम्म! शेवटी त्यानं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा अभिनय केला.

"आऽऽक्छी!"

नायकानं ती झेलली आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

पडदा पडताच मालकांनी प्रॉम्प्टरला मिठी मारली. "काय शिंकलात हो! मागच्या दोन प्रयोगांची गावभर चर्चा आहे, पुढची सगळी तिकिटं गेलीत. फक्त मध्ये इतका वेळ का लावलात?"

"मी बरा झालोय, मालक. ती शिंक खोटी होती."

मालकांचा चेहरा पडला. "बरे झालात? आत्ता? ते औषध आधी बंद करा!"

"औषध बंद होणार नाही," प्रॉम्प्टर म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यालाही नवीन होतं. "शिंक मी देईन, प्रत्येक प्रयोगाला देईन. पण मग जाहिरातीत माझं नाव पाहिजे."

"तुमचं? काय म्हणून?"

"नट म्हणून."