पिरॅमिडवरचं इरकली लुगडं

सिद्रामप्पा मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करतात, मग पाण्याचा पेला हातात घेतात. माझ्या डीटीपीच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हाही तेच. "पोकळ हाय की हो," म्हणाले आणि स्टुलावर बसले. भिंत प्लायवूडची होती, त्याला मी काय करणार?

गाव मंद्रूप, जन्मभर गवंडीकाम केलेलं, आता मुलाकडे जुळे सोलापुरात. त्यांना पुस्तक काढायचं होतं. माणूस बांधायला कसा शिकला, गुहेपासून स्लॅबपर्यंत, सगळं चित्रांतून. चित्रं त्यांनीच पेन्सिलीनं काढलेली, आणि काय देखणी! मी आपला लग्नपत्रिका करणारा माणूस, हुरळूनच गेलो. पानं लावताना ते शेजारी बसायचे. चित्र जरा कललं की लगेच, "ओळंब्यात न्हाय." चहा पातळ झाला तरी ओळंब्यात न्हाय. एकदा तर पिशवीतून दोरी-वजनाचा खराखुरा ओळंबा काढून स्क्रीनसमोर लोंबता धरला. बोंबला, चित्र खरंच तिरकं होतं!

घोळ एकच. प्रत्येक चित्रात एक बाई. इरकली लुगडं, डोक्यावर घमेलं, एक हात कमरेवर. आपल्या किल्ल्याच्या बुरुजापाशी ती शोभायची. पण पिरॅमिडवर?

"अप्पा, इजिप्तात इरकल कुठून आलं? लोक हसतील."

"हसू द्या की. माल कुनी वाहिला मग? तिला तेवडा हात लावू नका."

पुढं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. प्रूफ घेऊन घरी गेलो, तर डोळ्यावर पट्टी. "तुमी बगितलंय न्हवं? मग छापा."

आणि मी अतिशहाणा! पुस्तकावर माझ्या दुकानाचं नाव जाणार होतं ना. एका दुपारीत सगळ्या चित्रांतून बाई पुसली, तिच्या जागी दगड-वाळू भरली, आणि स्वतःवरच खूश झालो.

पुस्तकं छापून आली. अप्पांनी दुकानात बसून एकेक पान उलटलं, शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

"बाई कुटं गेली?"

मी इतिहास, अचूकपणा असं कायबाय बडबडलो.

"गंगव्वा व्हती ती. आमची कारभारीण. माज्या हाताखाली बिगारी म्हनून आली, मग घरात आली. फोटो काडायचा ऱ्हाऊनच गेला बगा. नातवंडांनी बगितली न्हाय तिला. म्हटलं, पुस्तकात तरी बगतील."

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. "अप्पा, पुन्हा छापू. सगळी पुन्हा छापू."

"नगं. उबं ऱ्हायलेलं पाडायचं न्हाय," म्हणाले. "पेन्सिल द्या."

त्यांनी पिरॅमिडचं पान उघडलं आणि घमेल्यापासून सुरुवात केली. कागद मीच हौसेनं निवडलेला, चकचकीत आर्ट पेपर. त्यावर पेन्सिल नुसती घसरत होती. मग खांदा काढला, कमरेवरचा हात काढला, लुगड्याचा काठ काढला. पानावर काहीच उमटत नव्हतं. अप्पा काढतच राहिले.