चांगल्या पाण्याचा अभ्यास

सावे बाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी पाण्याचा वास घ्यायच्या. पेला उजेडाकडे धरायचा, नाकाशी न्यायचा आणि मग एक घोट. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला मुलाच्या घरीही त्यांनी हेच केलं, आणि वर "टाकी धुवायला झालीय" असं सांगून मोकळ्या झाल्या. मुलाकडची मंडळी कानकोंडी झाली. लग्न मोडलं नाही, एवढंच.

आम्ही दोघं बोईसरच्या एका शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, त्या विज्ञान. सरावलीत माझ्यापासून चार दारं पलीकडे त्या एकट्याच राहत. "नोंद कुठाय?" हे त्यांचं पालुपद. यंदा थंडी जास्त आहे म्हटलं की, नोंद कुठाय? पूर्वीसारखी मुलं राहिली नाहीत, असं हेडमास्तर एकदा बोलून गेले, तर त्यांनाही बाईंनी तेच विचारलं. त्यानंतर हेडमास्तर बाईंसमोर फक्त वेळापत्रकाबद्दल बोलत.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, पंचेचाळिसाव्या वर्षी, बाईंनी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.ला नाव घातलं. तासांना बसून परीक्षा देण्याची एम.एस्सी. नव्हे, संशोधन करून प्रबंध लिहायची. मार्गदर्शक मुंबईचे आणि बाईंहून पंधरा वर्षांनी लहान. तरी त्यांचं पत्र आलं की बाई स्टाफरूममध्ये उभ्या राहून वाचायच्या.

विषय ऐकून मात्र आम्ही चक्रावलो. कारखाने आमच्या उशाला, आणि बाईंनी निवडली ती एडवणजवळची खाडी. तिथे कारखाना औषधालाही नव्हता.

"पण तिथे बिघडलंय काय?" मी विचारलं.

"काहीच नाही. चांगलं पाणी कसं असतं ते कुणीतरी आधी लिहून ठेवायला नको? उद्या बिघडलं तर कशाशी ताडून बघणार, सर?"

दर महिन्याला अमावास्येजवळच्या रविवारी बाई शटल रेल्वेगाडीने सफाळ्याला आणि तिथून एसटीने खाडीवर जायच्या. तिथे जानकीबाई नावाची कोळीण त्यांना आपल्या लहान होडीतून न्यायची. नवरा मोठ्या बोटीवर, समुद्रात. ओहोटीला ठरलेल्या पाच जागी पाणी भरायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि संध्याकाळी त्या आणून आमच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. आमच्या ओळीत फ्रीज आमच्याकडेच होता. सोमवारी शाळा सुटली की बाटल्या पालघरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत जात.

एकदा माझा मेहुणा पुण्याहून उन्हातून आला आणि त्याने थेट त्यातली एक बाटली तोंडाला लावली. तो मोरीकडे धावला, माझी बायको सुमन सावे बाईंकडे धावली. बाईंनी येऊन आधी बाटली पाहिली, किती उरलंय ते. मग मेहुण्याकडे वळून शांतपणे विचारलं, नुसतं खारट लागलं की कडवटही? तो म्हणाला, कडवटही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे कंसात 'साक्षीदार अननुभवी' असं लिहिलेलं सुमनने वाचलं. मेहुण्याला आम्ही ते अजून सांगितलेलं नाही.

सलग बारा महिन्यांच्या नोंदी हव्या होत्या. अकराव्या महिन्यात बाई रविवारी परतल्याच नाहीत आणि सोमवारी शाळेतही आल्या नाहीत. मंगळवारी आल्या त्या रिकाम्या बाटल्या घेऊन. काय झालं विचारलं तर "राहिलं" एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारी ओहोटीची वेळ वेगळी, म्हणजे तो महिना गेलाच. मी सुचवलं, मागच्या-पुढच्या महिन्याची सरासरी टाका, कोणाला कळणार आहे? बाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

मार्गदर्शकांना त्यांनी कारण न देता कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: नोंदींची साखळी तुटली, वर्ष पुन्हा करावं लागेल. बाईंनी तेही उभ्यानेच वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि सहावीच्या तासाला निघून गेल्या. पुढलं सबंध वर्ष त्यांनी नव्याने नोंदी केल्या.

शेवटी पदवी मिळाली. शाळेत शाल-श्रीफळ झालं. हेडमास्तर भाषणात म्हणाले, बाईंनी घाण पाण्यावर फार मोलाचं काम केलं. बाईंनी जागेवरूनच दुरुस्ती केली, चांगल्या पाण्यावर.

त्यानंतरच्या रविवारी त्या प्रबंध दाखवायला जानकीबाईकडे निघाल्या आणि आम्हा नवराबायकोलाही घेऊन गेल्या. जानकीबाईने आधी पदराला हात पुसले आणि मग ते काळ्या बांधणीचं बाड मांडीवर घेतलं. बाई शेजारच्या घरी बोलावलं म्हणून गेल्या, तेव्हा ती आम्हाला म्हणाली, "बाय एक बारी रिकाम्या बाटल्या घेऊन गेली, ते ठावं हाय का तुमाला?"

त्या रविवारी तिच्या नवऱ्याच्या बोटीला यायला दोन दिवस उशीर झाला होता. वारा सुटलेला. वाडीतल्या सगळ्या बायका किनाऱ्यावर बसून होत्या. त्यात बाई पिशवी घेऊन पोचल्या.

"होडी काढ, असं एकदापन बोलली नाय," जानकीबाई म्हणाली. "पिशवी वाळूत ठेवली नि माझ्या बाजूला बसली. ओहोटी झाली, भरती आली, तरी बसूनच. सकाळी बोट दिसली, तवा उठली."

परतीच्या एसटीत सुमनला डुलकी लागली होती. मी बाईंना म्हटलं, मार्गदर्शकांना हे कारण कळवलं असतं तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता. तुमचं एक वर्ष वाचलं असतं.

"तिचा माणूस समुद्रात होता, सर. ते मी माझ्या सवलतीसाठी वापरायचं?"

सफाळे जवळ आलं तसं बाईंनी प्रबंध पिशवीत नीट सरकवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि खरं सांगू? आणखी एक वर्ष दर महिन्याला तिच्याकडे जायचं म्हटल्यावर मला बरंच वाटलं होतं."