शस्त्रपूजेसाठी ठासणीची बंदूक

यंदा खंडेनवमीला स्क्रूड्रायव्हरची पूजा करायची नाही, असं बाबांनी ठरवलं. गेल्या वर्षी जयेशकाकांनी पुण्याच्या घरातल्या तलवारीचा फोटो सगळ्यांना दाखवला, तेव्हापासून आमचा स्क्रूड्रायव्हर बाबांना खुपत होता. (बाबा अकाउंटंट आहेत. त्यांनी आयुष्यात केलेली सर्वांत मोठी शिकार म्हणजे एक पाल, आणि तीही दारात चुकून चेंगरलेली.)

आमच्यासारखेच इथे आखातात, बुसैतीनला राहणारे अलीमियाँ मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या इंग्रज साहेबाने स्वतःच्या मापाने खास बनवून घेतलेली ठासणीची बंदूक मायदेशी जाताना त्यांना देऊन टाकली होती, आणि ती आता विकायची होती. बाबा चार व्हिडिओ बघून तज्ज्ञ झाले.

"माल तपासल्याशिवाय घ्यायचा नसतो," ते गाडीत मला म्हणाले. मला शूटिंगसाठी नेलं होतं. पण परक्या घरात माझे हात कापतात, म्हणून मी फोन शोकेसवर टेकवून चालू केला आणि सोफ्याच्या कोपऱ्यात बसले.

बाबांनी दस्ता नारळासारखा वाजवून पाहिला. मग बंदूक खांद्याला लावली. साहेब चांगलाच उंच असणार. दस्ता बाबांच्या काखेतून मागे निघाला.

"फिटिंग परफेक्ट!" बाबा म्हणाले.

"ऑर्डरचा माल हाय साहेब. अशी दुसरी मफी, कुठं मिलनारच नाय!"

बाबांनी नळीच्या तोंडाशी नाक नेलं. "अहाहा, जुन्या बारुदीचा वास!" (उग्र वास मलाही आला.) मग टॉर्च लावून त्यांनी त्याच तोंडाला डोळा लावला. "आत पांढरंशुभ्र! गंजाचं नाव नाही."

ठासणीची बंदूक तोंडातूनच भरतात. डोळा लावण्याआधी आत बार नाही ना, हे बघायचं असतं. एवढं तर पहिल्याच व्हिडिओत होतं! शेवटी माझा आवाज फुटला.

"बाबा, डोळा काढ आधी! गज घालून बघ."

"तुला काय कळतं गं?"

"घाल तर!"

त्यांनी गज आत घातला, तोंडाशी बोट धरून खूण केली आणि बाहेर काढून नळीला बाहेरून लावला. वीतभर आखूड! म्हणजे तळाशी काहीतरी ठासलेलं होतं.

"भरलेली आहे!" मी किंचाळले.

"या अल्ला!" अलीमियाँ दाराकडे पळाले. बाबांचं काय झालं असेल, ते मुलीनं लिहू नये.

तेवढ्यात बिल्किसचाची चहा घेऊन आल्या. "काय झाला?"

"बिल्किस, बंदूक भरलेली हाय!"

"मंग? मीच भरलीय. झुरळां शिरतात तिच्यात. डांबरगोळ्या टाकल्या, वर आमच्या नुमानचा शाळेचा मोजा, नि त्याच गजानं ठासला."

त्यांनी हँगरची तार वाकवून आत घातली. पांढरा मोजा आला, मागोमाग डांबरगोळ्या टपटप पडल्या.

"बारुदीचा वास ना?" मी बाबांना हळूच विचारलं. फार बरं वाटलं.

बाबांनी तरीही बंदूक घेतली. निघताना चाचींनी त्यांच्या हातात एक पिशवी दिली आणि दोघं माझ्याकडे बघून हसले.

घरी आल्यावर आईला बाबांची फजिती दाखवायला मीच व्हिडिओ टीव्हीवर लावला. माझी किंचाळी ऐकू आली. बाबा जागच्या जागी उभे होते, नळी रिकाम्या भिंतीकडे वळवून. सोफ्याच्या मागून मात्र एक हात वर आला, त्याने चाचींची उशी ओढली आणि उशीसकट खाली गेला. मनगटावर माझं घड्याळ होतं.

खंडेनवमीला बाबांनी बंदुकीला झेंडू वाहिला. मग पिशवीतून ती उशी काढून शेजारी मांडली आणि तिलाही हळदकुंकू लावलं.

"शस्त्राबरोबर ढालही पुजावी," ते म्हणाले.