परीक्षकबाई

आपल्या लेकीच्या पोटात फवारणीचा एक थेंबही जाणार नाही, याचा तिने चोख बंदोबस्त केला होता. छकुली सात महिन्यांची, आजपासून वरचं खाणं सुरू. कुठल्या भाजीवर किती औषध उरतं याच्या याद्या तिने इतक्या वाचल्या होत्या, की पालकाची जुडी दिसली तरी पोलीस बोलवावेसे वाटत. शेवटी सेंद्रिय भाजीवाली सापडली, आणि काल तिच्याकडच्या फ्लॉवरमध्ये एक हिरवीगार अळी.

दुसरी कोणी किंचाळली असती. हिने अळीला नोकरी दिली.

"डब्यात काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"परीक्षकबाई. आधी ती खाणार, मग छकुली."

"मी चाळीस वर्षं हे काम तुझ्या सासऱ्यांकडून करून घेतलं."

तेवढ्यात फळीवर मुंग्यांची रांग दिसली. रांगत्या पोरीला चावल्या म्हणजे? तिने फळीवर, फळीखाली, सांदीकोपऱ्यात फस्सकन फवारा मारला. फळी मोकळी झाली, म्हणून भोकाभोकांचा डबा तिथेच ठेवला. आत फ्लॉवरचं कोवळं पान.

इकडे उकडलेल्या फ्लॉवरचा पहिला चमचा छकुलीच्या ओठांशी पोचला, आणि तिकडे परीक्षकबाई आडव्या.

तिने चमचा असा हिसकावला की छकुलीने भोकाड पसरलं. पोरगी सासूबाईंच्या कडेवर देऊन ती डब्यासकट तडक भाजीवालीसमोर.

"सेंद्रिय म्हणून विष विकता? बघा, तुमच्याच फ्लॉवरने मेली."

गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. भाजीवालीने शांतपणे डबा उघडला.

"ताई, माझ्या फ्लॉवरवर ही लहानाची मोठी झाली. तुमच्याकडे किती दिवस होती?"

"कालपासून."

"एका दिवसात गेली?" भाजीवालीने डबा हुंगला. "हा वास माझ्या शेतातला नाही. मुंग्या झाल्या होत्या का घरात?"

मागची गिऱ्हाईकबाई पदराआड हसली. हिने उगाचच दोन गड्डे आणखी घेतले.

घरी छकुली आजीच्या मांडीवर, हनुवटीपर्यंत फ्लॉवर माखून खूश.

"रडून रडून निळी पडायची वेळ आली, मग भरवला," सासूबाई म्हणाल्या. "काय म्हणाली भाजीवाली?"

"फ्लॉवर उत्तम आहे म्हणाली," ती ओलं फडकं शोधत म्हणाली. "आपली फळी तेवढी धुऊन घ्या म्हणाली."